पडून राहायची प्रॅक्टिस

माझा भाचा अमेरिकेहून माझ्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्या बॅगेत थोडेसे कपडे, कुस्तीच्या बुटांचे दोन जोड आणि एक वजनकाटा होता. वजनकाटा! मी म्हटलं, "अरे बाबा, ऑस्ट्रेलियात वजनकाटे मिळत नाहीत असं कोणी सांगितलं तुला?" तर म्हणाला, "आत्या, आय ट्रस्ट धिस वन." लोक परदेशी येताना लोणचं आणतात, हा काटा घेऊन आला. बाथरूमच्या फरशीवर तो ठेवला, त्यावर उभा राहिला, आकडा बघून तोंड वाकडं केलं आणि तसाच दोरीच्या उड्या मारायला खाली पार्किंगमध्ये गेला. एवढ्या लांबून आलेलं माणूस आधी चहा मागतं, जरा आडवं होतं. हा नाही. आणि खरं सांगते, तो आल्या आल्या आडवा झाला असता तर मलाच ते बघवलं नसतं.

हॅरिस पार्कात माझा फ्लॅट एका मिठाईच्या दुकानाच्या वर आहे. सकाळी जिलेबीचा पहिला घाणा उतरला की वास थेट माझ्या बाथरूमच्या खिडकीतून आत, काट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात. वजन उतरवणाऱ्या मुलासाठी याहून वाईट पत्ता अख्ख्या सिडनीत सापडला नसता. दुकानाचे मालक पंजाबी, दिलदार माणूस. याचे खांदे आणि मोडलेले कान बघून त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. "ओ पहलवान जी, लस्सी पियोगे?" हा रेनकोटसारखा प्लास्टिकचा सूट घालून घामाघूम, तोंडात च्युइंगगम, म्हणायचा, "नेक्स्ट मंथ, अंकल." रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. शेवटी मीच त्यांना म्हटलं, "भैया, मत पूछो ना, बच्चा रो देगा."

मुलगा जन्माने इथलाच. वेस्टमीडला हॉस्पिटलात झाला. मी तिथल्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये तेव्हाही होते, अजूनही आहे. शिफ्ट अर्धी टाकून लॅबच्या कोटातच त्याला बघायला धावले होते. तो किंडीत, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागला न लागला तोच माझ्या भावाला अमेरिकेत नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड हललं. पासपोर्ट तेवढा ऑस्ट्रेलियाचा राहिला. तिकडे तो शाळेत कुस्तीला लागला, मग कॉलेजात. तिकडच्या कॉलेजांत कुस्तीचं मोठं प्रस्थ असतं, हजारोंनी लोक बघायला येतात, बँड वाजतो. फोटो आले की मी लॅबमध्ये सगळ्यांना दाखवायचे. हा कुठे उभा आहे ते मात्र बोट ठेवून सांगावं लागायचं, कारण तो नेहमी कडेला, ट्रॅकसूट घालून टाळ्या वाजवत उभा.

झालं होतं असं की त्याच्याच वजनगटात त्यांच्या कॉलेजात एक मोठा चॅम्पियन पोरगा होता, आणि प्रत्येक वजनात मॅटवर एकच उतरतो. त्यामुळे चारही वर्षं याचं काम काय, तर त्या चॅम्पियनला सरावासाठी अंग द्यायचं. रोज त्याच्याकडून आपटून घ्यायचं, उठायचं, पुन्हा आपटून घ्यायचं. "आय वॉज हिज डमी, आत्या," त्याने मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. माझ्या मनात आलं, अरे, त्या चॅम्पियनच्या गळ्यातल्या पदकात थोडा तरी वाटा या पोराच्या हाडांचा आहे की नाही? ते कोण सांगणार?

कॉलेज संपलं. भावाने ओळखीच्या एका कंपनीत त्याला नोकरी बघून ठेवली. आणि हा म्हणाला, मला एकदा लढायचंय. ऑस्ट्रेलियाच्या टीमसाठी निवड चाचणी असते, पासपोर्ट आहे, मी आत्याकडे राहतो, एकदाच लढतो. घरात रणकंदन झालं. शेवटी भावाने मला फोन करून अटी ऐकवल्या, जणू काय मीच लढणार होते. "निवड झाली तर बघू पुढचं. नाही झाली तर पहिल्या विमानाने परत, नोकरीला लागायचं आणि हे कुस्तीचं खूळ कायमचं बंद. तू लाड करायचे नाहीस त्याचे." मी म्हटलं, "दादा, लाड करायला मला वेळ कुठाय?"

त्या रात्री जेवताना मी भाच्याला सरळ विचारलं, की बाबा, तुला नक्की काय हवंय? पदक? टीव्हीवर दिसायचंय? तो पानातली काकडी इकडून तिकडे ढकलत राहिला. मग म्हणाला, "मी चांगला आहे की नाही, मला माहीतच नाही, आत्या. नोबडी एव्हर चेक्ड." मी उठून ओटा पुसायला लागले.

आता आमच्या घराण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरी दिवसा आडवं पडायची सोय नव्हती. ताप असेल तर गोष्ट वेगळी, आणि तोही हात लावून कळला पाहिजे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, इस्लामपूरकडचे. तरुणपणी जत्रेच्या फडात लढायचे. त्यांचा डावा कान मोडलेला होता, मुरड घातलेल्या करंजीसारखा, आणि लहानपणी आम्ही तो चाचपून बघायचो. मातीतल्या त्यांच्या कुस्तीत गुण-बिण नव्हते. पाठ लागली की संपलं, पाठ लागत नाही तोवर हरला नाही. त्यामुळे अण्णांचं सगळं शहाणपण एका शब्दात मावायचं: ऊठ. पडलास? ऊठ. नापास झालीस? ऊठ, अभ्यासाला बस. रविवारी जेवून जरा कुठे लवंडलं की दारातून आवाज यायचा, "काय म्हशीसारखं लोळताय? उठा!" अण्णा गेले, पण मला अजून दुपारी उशीला डोकं टेकलं की तो आवाज येतो आणि मी ताडकन उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागते.

भावाने तो शब्द जसाच्या तसा उचलला. भाचा नुकता चालायला लागला होता तेव्हा आम्ही त्याला पॅरामाटाच्या नदीकाठच्या पार्कात न्यायचो. तो धपकन पडला की वहिनी धावायची, भाऊ तिला हाताने थांबवायचा आणि लांबूनच म्हणायचा, "ऊठ." पोरगं उठायचं. आम्ही टाळ्या वाजवायचो. मोठेपणी मराठी त्याची पातळ झाली, निम्मी उत्तरं इंग्रजीत, पण हा शब्द त्याच्या अंगात मुरलेला.

आणि मी? मी काय वेगळी आहे! नवरा एकच केला आणि सोडला, घरं मात्र किती बदलली त्याचा हिशोब मीच ठेवलेला नाही. मध्ये तर मेलबर्नला पॉइंट कुकला जाऊन राहिले होते, तिथली सगळी नवी नवी घरं आणि समोर खाडी बघून जीव इतका उबगला की लीज संपायच्या आत परत आले. लॅबमध्ये ब्रेकला सगळे बसतात, मी येरझाऱ्या घालते. माझा एक सहकारी आहे, इथलाच गोरा, तो म्हणतो, "मेट, सिट डाउन, तुझ्याकडे बघून मशीनलाच चक्कर येईल." मी दोन मिनिटं बसते आणि उठते.

भाच्याने जो क्लब शोधला होता तो एका कम्युनिटी हॉलमध्ये भरायचा. आधी सगळ्यांनी मिळून मॅट अंथरायचं, शेवटी गुंडाळून ठेवायचं, कारण दुसऱ्या दिवशी तिथे झुंबा. कोच म्हणजे एक इराणी म्हातारा. दिवसभर लोकांच्या बाथरूममध्ये टाइल्स बसवायचा, संध्याकाळी पोरांना कुस्ती शिकवायचा, आणि त्याच्या बोटांच्या पेरांत कायम सिमेंट. पहिल्या संध्याकाळी मीच गाडीने सोडायला गेले आणि बघत थांबले. भाचा झपाट्याने पट काढायचा, समोरच्याचा पाय एकदम वर, तो खाली. मला तर वाटलं, झालं, हा निवडला गेलाच! पण मग कोणी त्याला खाली घेतलं की गंमत व्हायची. पोटावर पडला रे पडला की हा स्प्रिंगसारखा उठायला बघायचा, आणि वरचा त्याच्या कमरेला विळखा घालून त्याला धिरड्यासारखा पलटी करायचा. एकदा झालं, दोनदा झालं. दर वेळी तेच. कोच कपाळावर हात मारून घेत होता.

मला राहवेना. मी विचारलं की तो उठतोय तर त्यात चुकलं काय? पडल्यावर माणसाने उठू नये? तेव्हा कोचने मला बाकावर बसवून समजावलं. अमेरिकन कॉलेजांतल्या कुस्तीचे नियम त्यांचे त्यांचे वेगळे. तिथे खाली अडकलेल्याने निसटून उठलंच पाहिजे, उठला की त्याला गुण मिळतो, आणि नुसता पडून राहिला तर वरच्याचा फायदा होतो. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे जी कुस्ती जगभर खेळतात तिच्यात, सगळं उलटं. खाली गेलास की छाती मॅटला चिकटवायची, हात पसरायचे आणि गप पडून राहायचं. वरच्याला काही करता आलं नाही की रेफरीच थोड्या वेळात दोघांना उभं करतो. उठायला गेलास की पोट मॅटवरून सुटतं, पोटाखाली हात घालायला जागा होते, आणि तुझी पाठ दिसली की त्याला दोन गुण. "युअर बॉय इज स्ट्राँग, फास्ट, एव्हरीथिंग," कोच म्हणाला. "पण त्याला पडता येत नाही. टीच हिम टू लाय डाउन."

"मी?" मी म्हटलं.

"तो तुझ्याकडेच राहतो ना?"

घ्या! म्हणजे आमच्या घरात जे पाप होतं, तेच आता मी शिकवायचं.

पण शिकवलं. दुसरा इलाजच नव्हता. संध्याकाळी मी कुकर लावला की भाचा हॉलच्या गालिच्यावर पालथा पडायचा, हात पसरून, हनुवटी टेकून. मी त्याच्या पाठीवर बासमतीची मोठी गोणी ठेवायचे, मग ती इकडून तिकडून ढकलायचे, कमरेखाली हात घालून उचलायला बघायचे, आणि त्याने हलायचं नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. पहिल्या दिवशी पहिल्या शिट्टीला त्याचा गुडघा पोटाखाली आला आणि गोणी सोफ्याखाली गेली. दुसऱ्या दिवशी त्याने मलाच अट घातली. "आत्या, यू सिट टू. तू फिरतेस ना, मला उठावंसं वाटतं." म्हणून मग मीही खुर्चीत. तो गालिच्यावर, मी खुर्चीत, कुकर गॅसवर. काय अवस्था! माझे पाय आपोआप हलायचे. तो खालून ओरडायचा, "आय कॅन हिअर युअर फूट!" मी म्हणायचे, "तू तुझं बघ ना रे, मेल्या." आणि दुसरी शिट्टी झाली की मला डाळीची आठवण यायची, कपड्यांची यायची, बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायचं राहिलं असं वाटायचं, आणि मी उठायचे. मी उठले की तोही उठायचा. मग दोघंही एकमेकांवर खेकसायचो.

तरी हळूहळू जमायला लागलं. एक दिवस तो दोन शिट्ट्या राहिला. मग एकदा तिन्ही. तिसरी झाली तरी त्याला पत्ता नाही, डोळे मिटलेले, श्वास संथ. मी वाकून बघितलं, झोपला की काय! झोपला नव्हता. म्हणाला, "इट्स नाइस डाउन हिअर." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि वरणात चमचाभर तूप सोडलं. त्याने ते बाजूला काढून ठेवलं ती गोष्ट वेगळी.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी तो असाच गालिच्यावर होता, पाठीवर गोणी, आणि भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन शेल्फला टेकवून ठेवला आणि "बघ तुझा मुलगा" म्हणून कौतुकाने दाखवला. भावाचा चेहरा स्क्रीनमध्ये मोठा झाला. "हे काय चाललंय? भर दिवसा झोपलाय काय तो? आणि ते पाठीवर काय?" मी सांगायला लागले की अरे दादा, ही प्रॅक्टिस आहे, कोचनेच सांगितलंय. पण तो कुठला ऐकतोय. त्याच्या तोंडून अण्णांचाच आवाज निघाला, तस्साच, इस्लामपूरच्या दारातून यायचा तसा: "ऊठ!"

शब्द पुरता झाला नसेल, भाचा उभा होता. गोणी टीपॉयवर आदळून फुटली, अख्ख्या हॉलभर बासमती. मग भाऊ जरा ओशाळून म्हणाला, "अरे, मी आपलं..." भाचा हसला, "इट्स ओके, बाबा." आणि खाली बसून तांदूळ गोळा करायला लागला. मी त्याच्या मानेकडे बघत होते. एवढी थोरली मान, आणि कशी लाल झालेली. मला भावाचा असा संताप आला की मी फोनच बंद केला. नंतर कितीतरी दिवस सोफ्याच्या फटीतून तांदळाचे दाणे निघत राहिले.

चाचणी शनिवारी होती, शहराच्या पश्चिमेला एका शाळेच्या जिममध्ये. सकाळी वजनं झाली. हा वजनात बसला, गाल आत गेलेले, ओठ फुटलेले, पण बसला. वजन झाल्यावर खायला मुभा असते. मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. परीक्षेला जाताना आमच्या घरी ठेवायचे तशी. बाकीची पोरं केळी खात होती, काहीबाही निळी सरबतं पीत होती. याने तळहात चाटूनपुसून साफ केला आणि म्हणाला, "मोअर." तेव्हा मला कळलं की पोरगं किती दिवसांचं भुकेलं होतं.

पहिल्या कुस्त्या त्याने अशा मारल्या की मी थक्क झाले. हा डमी? हा? कोच कोपऱ्यातून माझ्याकडे बघून मान हलवायचा. मी आपली भिंतीच्या कडेकडेने येरझाऱ्या घालत होते, लोकांच्या पायांवर पाय देत, सॉरी सॉरी म्हणत. फायनलच्या आधी भाचा टॉवेल डोक्यावर घेऊन माझ्याजवळ आला. "आत्या, डोन्ट वॉक अराउंड. मला दिसतेस तू. बस ना." मी बसले. मॅटच्या अगदी समोर, प्लास्टिकच्या खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

समोरचा मुलगा आदल्या वर्षी टीममधून जाऊन आलेला, ठेंगणा, मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. पण आमच्याने त्याला दोनदा खाली घेतलं, एकदा रिंगणाबाहेर ढकललं; त्याने याला एकदाच खाली घेतलं. पाच-दोन. शेवटचं मिनिट. जिंकला तर ऑस्ट्रेलियाची जर्सी, हरला तर पहिलं विमान. आणि त्या ठेंगण्याने खालून शिरून याचा पट काढला. धाडकन. भाचा पोटावर. पाच-चार.

आणि पोरगा पडून राहिला! छाती मॅटला, हात पसरलेले, हनुवटी टेकलेली, अगदी आमच्या गालिच्यावर पडायचा तसा. तो ठेंगणा कमरेखाली हात घालायला बघतोय, इकडून ढकलतोय, तिकडून ओढतोय, हा हलेना. घड्याळाचे आकडे उलटे पळतायत. कोच ओरडतोय, "फ्लॅट! फ्लॅट!" आणि मीही ओरडले. अख्ख्या जिममध्ये मराठीत ओरडणारी मी एकटी. "पडून राहा! राजा, पडून राहा!" जन्मात मी हे कोणाला म्हटलं नव्हतं. खुर्चीतून उठलेही नाही, शपथ. रेफरी दोघांकडे वाकून बघत होता, शिट्टी ओठांत, आता उभं करणार, आत्ता, आत्ता करणार.

तेवढ्यात भाच्याचा उजवा गुडघा पोटाखाली आला.

ठेंगणा त्याचीच तर वाट बघत होता. हात आत गेले, विळखा बसला, आणि माझा भाचा छताकडे बघत उलटा फिरला. पाच-सहा. पुढची काही सेकंदं त्याने जिवाच्या आकांताने धडपड केली, पण वेळ संपली होती. भोंगा वाजला. रेफरीने त्या दुसऱ्या मुलाचा हात वर केला. भाच्याने त्याच्याशी हात मिळवला, मग त्याच्या कोचशी, सगळं रीतसर, आणि मॅटवरून उतरून सरळ बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गेला.

मी गेले तेव्हा तो जमिनीवर बसला होता, भिंतीला टेकून, डावा कान सुजून लालबुंद. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "ऐकू आलं मला. तुझं, कोचचं, सगळं. आय न्यू, आत्या. मला माहीत होतं." मग दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाला, "बॉडी उठली गं. मी नाही उठलो." आणि तो रडला. मीही रडले. कसली लाज! कोच आला, त्याच्या पुढ्यात उकिडवा बसला, सिमेंटच्या बोटांनी त्याच्या कानावर बर्फाची पिशवी धरली आणि म्हणाला, "खूप वेळ पडलास. चांगला पडलास." त्याला तेवढंच बोलायचं होतं. मग तो मॅट गुंडाळायला मदत करायला गेला.

परत येताना गाडीत भाच्याने सीट मागे केली, बर्फाची पिशवी कानाखाली घेतली, आणि मोटरवेला लागायच्या आत झोपला. तोंड उघडं, हात सैल, अगदी लहान मुलासारखा. फोन वाजला, भावाचा. मी आवाज बंद केला. पॅरामाटा जवळ आलं तशी मला धास्ती पडली. शनिवारची दुपार, हॅरिस पार्कात पार्किंगसाठी मारामारी, हॉर्न, दुकानासमोर गर्दी, आणि अंकल तर धावत येणार, पहलवान जी, क्या हुआ? हा जागा होणार. मी गाडी वळवली आणि वेस्टमीडला घातली, आमच्या स्टाफ कार पार्कमध्ये. शनिवारी वरचा मजला रिकामाच असतो. एका कोपऱ्यात सावलीत गाडी लावली, इंजिन बंद केलं, काच जराशी खाली घेतली. समोर हॉस्पिटलच्या त्याच इमारती होत्या. तो इथेच कुठेतरी जन्मला होता.

पुन्हा फोन. तिकडे मध्यरात्र उलटून गेली असणार, भाऊ अजून जागा होता. मी हळू आवाजात उचलला.

"काय झालं?"

"हरला. एका गुणाने."

मग नेहमीचा आवाज. "दे त्याला फोन."

"झोपलाय."

"झोपलाय? दुपारी?"

"हो, दुपारी."

"उठव त्याला. तिकिटाचं बघायला हवं, मला बोलायचंय त्याच्याशी."

"नाही उठवणार."

"अगं, उठव म्हणतोय ना!"

"दादा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "तो उठला म्हणून हरला. पडून राहिला असता तर जिंकला होता. आता कुठे पडलाय तो. मी त्याला उठवणार नाही आणि तूही उठवायचं नाहीस. आज नाही."

मला वाटलं, फोन कट झाला. मग भावाने विचारलं, "लागलंय का त्याला?"

"कानाला. सुजलाय."

"कुठल्या?"

"डाव्या."

"अण्णांचाही डावाच," तो म्हणाला. आणि मग माझा भाऊ, अण्णांचा मुलगा, अगदी हळू म्हणाला, "झोपू दे मग."

फोन मात्र त्याने ठेवला नाही, मीही ठेवला नाही. शेजारी भाचा आता घोरायला लागला होता, अडखळत, मोठ्याने. मी फोन त्याच्या तोंडाजवळ नेऊन धरला, तिकडे नीट ऐकू जावं म्हणून. आणि आम्ही बहीणभाऊ दोघंही, काही न बोलता, कुठेही न जाता, ते ऐकत बसून राहिलो.